उन्हाचे बारा

टकटकबाईंचं खरं नाव त्यांच्या कार्यालयात फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. बाकी साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या टकटकबाईच. राजधानीतल्या एका मोठ्या सरकारी कार्यालयात त्यांनी एकोणचाळीस वर्षं टंकलेखन केलं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या कागदावर खाडाखोड सापडली असं छातीठोकपणे सांगणारा माईचा लाल निपजला नाही.

या एकोणचाळीस वर्षांत त्यांनी किती कागद बडवले याची गणती नव्हती. पण एक कागद त्या कधी विसरल्या नाहीत. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. देश आडवा, लांबच लांब. त्याचे तीन पट्टे करून तीन वेळा चालवत असत. गाड्यांचा घोळ व्हायचा, तारांचा घोळ व्हायचा, एका टोकाचं कार्यालय उघडायचं तेव्हा दुसऱ्या टोकाचं पेंगत असायचं. शेवटी वरून ठरलं की साऱ्या देशात एकच वेळ, राजधानीची. तो हुकूम टाइप करायला साहेबांनी मुद्दाम टकटकबाईंना बोलावलं. "अख्ख्या देशाची घड्याळं या कागदावर फिरणार आहेत," साहेब म्हणाले. "अक्षर चुकलं तर माझी नोकरी जाईल, आणि माझ्याआधी तुमची."

अक्षर चुकलं नाही. दुसऱ्या दिवसापासून देशभरची घड्याळं एका तालावर चालू लागली. बाईंना त्याचा फार अभिमान. घरात, शेजारात, लेकीच्या सासरच्यांसमोर, संधी मिळाली की त्या दहा बोटं पसरून म्हणायच्या, "देशाची वेळ या बोटांनी लावलीय, बरं का!"

लेक लग्न होऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, पश्चिमेला. सुट्टी लागली की तीच नवऱ्याला आणि मुलीला घेऊन माहेरी यायची, त्यामुळे बाईंना कधी तिकडे जायची वेळच आली नाही. पण निवृत्त होऊन वर्ष झालं, घर खायला उठलं, आणि लेकीने फोनवर हट्टच धरला. "आई, या हिवाळ्यात तू इकडे ये. आणि आता सबब सांगू नकोस."

दोन दिवस गाडीत काढून बाई उतरल्या, तेव्हा स्टेशनवरचं घड्याळ आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ यांत मिनिटाचाही फरक नव्हता. बाई मनोमन सुखावल्या. तेवढ्यात जावई सामान घ्यायला पुढे आले.

"जावईबापू, किती वाजले म्हणायचे हे?" बाईंनी वर बघत विचारलं.

"साडेसहा, आई. तुमच्या घड्याळात काय दिसतंय?"

"दिसताहेत साडेसहाच. पण ऊन कसं अजून?"

ऐन हिवाळा. राजधानीत या वेळेला सूर्य मावळून दोन तास होत आले असतील. इथे मात्र समोरच्या भिंतीवर चांगलं तांबूस ऊन रेंगाळत होतं. जावई हसले. "आई, इथे सूर्य जरा सावकाश असतो. कळेल उद्या."

उद्या कळलंच. बाईंना पहाटे सहाला उठायची सवय. उठल्या, खिडकीशी खुर्ची घेऊन उजाडायची वाट बघत बसल्या. सात वाजले. बाहेर काळाकुट्ट अंधार. बाईंनी मनगट कानाला लावलं. टिकटिक नीट चालली होती. स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, तेही सातच म्हणत होतं. एवढ्यात घरातले सगळे दिवे लागले. लेक केस बांधत धावत बाहेर आली, जावई दुसरा बूट शोधू लागले, आणि सात वर्षांची नात डोळे मिटूनच न्हाणीघराकडे चालत निघाली. कुणी कुणाशी बोलेना.

बाईंनी लेकीचा दंड धरला. "अगं, झालं काय? कुणाकडून काही निरोप आलाय का? कुठे निघालात अशा अवेळी?"

लेकीने थबकून पाहिलं, आणि मग तिला हसू फुटलं. "अवेळी कुठे, आई? शाळेला निघालो. आठची शाळा आहे."

लेक त्याच शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गावर शिक्षिका होती. नातीच्या हातात टॉर्च होता. बाई दारापर्यंत गेल्या, आणि तिथेच खिळल्या. रस्त्यावर मुलांची रांग चालली होती, अंधारात. प्रत्येकाच्या हातात टॉर्च. मुलं दिसतच नव्हती. नुसते उजेडाचे गोळे जमिनीवरून झुलत जात होते, आणि त्यांच्यामागे पावलांचा आवाज. कोपऱ्यावरचा पाववाला दुकानाचा दिवा लावून उभा होता, बस दिवे लावून थांबली होती, झाडूवाला रस्त्याच्या दिव्याखालचा तेवढाच गोल झाडत होता. गावाचा दिवस सुरू झाला होता, फक्त दिवसाचा पत्ता नव्हता.

सव्वानऊ झाले तेव्हा समोरच्या छपराची कड जरा तांबडी झाली. नऊ वाजून वीस मिनिटांनी सूर्य वर आला. बाई अजून दारातच उभ्या होत्या, हातातला चहा कधीच पाणी झाला होता. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पृथ्वी गोल आहे, सूर्य एकीकडे आधी उगवतो, दुसरीकडे नंतर. शाळेत शिकल्या होत्या त्या. पण कागदावरचा सूर्य वेगळा, आणि तीन तास ताटकळत ठेवणारा सूर्य वेगळा.

हळूहळू बाईंना गावाची तऱ्हा कळू लागली. तिथे एक प्रश्न दिवसातून दहादा कानी पडायचा: "सरकारी की उन्हाची?" चारला भेटू म्हटलं की समोरचा विचारणारच, सरकारी की उन्हाची? शाळा, पोस्ट, कचेऱ्या, आगगाडी सरकारी वेळेने. बाजार, न्हावी, शिंपी, सुतार उन्हाच्या वेळेने, म्हणजे दोन तास मागे. दवाखान्यातले डॉक्टर चिठ्ठीवर "सकाळी" असं लिहून पुढे "उजाडल्यावर" लिहायचे, नाहीतर म्हातारी माणसं अंधारातच गोळी गिळायची. एका लग्नात म्हणे नवरदेव सरकारी वेळेने येऊन उभा राहिला आणि नवरीकडचे उन्हाच्या वेळेने निघाले. दोन तास तो एकटाच. त्याची बायको अजून सांगते, "ह्यांना वाट बघायची सवय मी लग्नाआधीच लावली."

बाईंना आधी वाटलं, हा सगळा शुद्ध बेशिस्तपणा आहे. हुकूम निघून अडतीस वर्षं झाली आणि लोक आपलं जुनंच दळण दळताहेत! पण लेकीच्या घराखालीच एका शिंप्याचं दुकान होतं, आणि त्या घरातला संसार पाहून बाईंचं मत डळमळायला लागलं. शिंपीदादा उन्हाच्या वेळेने काम करायचे. उजेड नसला तर काळ्या कापडावर काळा दोरा कसा घालणार? त्यांची बायको पोस्टात, ती सरकारी वेळेने. एकाच घरात नवरा-बायको दोन वेळांत राहत होते. ती अंधारात उठून जायची तेव्हा हा गाढ झोपेत. तो दुपारचं जेवायला बसायचा तेव्हा तिची घरी यायची तयारी. फक्त संध्याकाळचा एक तास दोघांच्या वेळेत बसायचा.

"तेवीस वर्षं झाली संसाराला," शिंपीदादा सुईत दोरा ओवत म्हणाले. "भांडायला वेळच सापडला नाही हो. ती रागावते तेव्हा माझी झोपेची वेळ, मी रागावतो तेव्हा ती पोस्टात."

बाई खो खो हसल्या. नात शेजारीच बसून कापडाच्या चिंध्या गोळा करत होती. ती अभिमानाने म्हणाली, "दादा, ती सरकारी वेळ आहे ना, ती माझ्या आजीने टाइप केलीय!"

बाईंना वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. आयुष्यात पहिल्यांदाच, गावात आल्यापासून, त्यांनी ही फुशारकी गिळून ठेवली होती. शिंपीदादांच्या हातातली सुई थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे... हुकूम मी टाइप केला होता," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "मी काही ठरवलं नव्हतं. ठरवणारे ठरवून गेले. पण कागद माझ्या हातचा."

शिंपीदादांनी चष्मा वर केला. बराच वेळ बाईंच्या हातांकडे बघत राहिले. मग गळ्यातली टेप काढली, बाईंचा उजवा हात टेबलावर ठेवून घेतला आणि एकेक बोट मोजलं. "अडीच इंच. पावणेतीन. पावणेतीन. एवढीशी बोटं, आणि आमचा सूर्य दोन तास मागे ढकलला!" त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याने डोंगर उचललेला माणूस पाहावा तसं ते बघत होते. "आजी, तुम्हाला माहितीये, या हुकुमाआधी माझे वडील याच दुकानात सातला मशीन चालू करायचे आणि सातलाच ऊन यायचं. ती दोन्ही एकाच वेळी व्हायची हे मला अजून खरं वाटत नाही."

त्या रात्री बाई जेवल्या नीट नाहीत. हुकूम निघाल्यावर कागद फायलीत जातो आणि फाइल कपाटात जाते, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. कपाटाच्या पलीकडे कुणीतरी तेवीस वर्षं बायकोला फक्त संध्याकाळी भेटतंय, हे कुठल्याच फायलीत लिहून येत नव्हतं.

दोन-चार दिवसांनी नातीने वही पुढ्यात टाकली. "आजी, पुस्तकात लिहिलंय की दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. आमच्या इथे बाराला तो त्या टाकीच्या मागे असतो. पुस्तक खोटं आहे का?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने बाईंकडे. "आई," लेक म्हणाली, "हे मला दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि दरवर्षी मी विषय बदलते. या वर्षी दाखवूनच टाकू या."

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता लेकीने तिचा वर्ग शाळेच्या अंगणात आणला. फरशीच्या मधोमध एक सरळ काठी कुंडीत रोवली. शिंपीदादांनी कापडावर खुणा करायचा खडू पाठवला होता. वेळ सांगायचं काम बाईंचं, कारण गावात त्यांच्याइतकं काटेकोर घड्याळ कुणाचंच नव्हतं. दर पाच मिनिटांनी बाई म्हणायच्या, "आता!" आणि एक मूल सावलीच्या टोकाशी खुणेची रेघ ओढायचं.

पहिल्या पंधरा मिनिटांत मुलं कंटाळली. एकाने दुसऱ्याला चिमटा काढला, तिसऱ्याला तहान लागली. बाई मात्र गुडघे दुखत असूनही खाली बसल्या होत्या, सावलीच्या टोकाकडे डोळे लावून. आणि मग त्यांना दिसलं. सावली सरकत होती. घड्याळाचा तासकाटा जसा सरकताना कधी दिसत नाही, तशी नव्हे. फरशीवर एक बारीक खडा होता, तो आत्ता उन्हात होता आणि आत्ता सावलीत गेला.

"बाळांनो," त्या हळूच म्हणाल्या, "इकडे या. बोट इथे ठेवा, सावलीच्या कडेला. हलवू नका."

मुलं कोंडाळं करून बसली. दहा-बारा बोटं काठीच्या सावलीला लागली. कुणी हललं नाही. मिनिट गेलं, दोन गेली, आणि एका मुलीच्या नखावर ऊन चढलं.

"मी हलवलं नाही!" ती ओरडली. "शप्पथ, मी नाही हलवलं!"

"तू नाही हललीस," लेक म्हणाली. "जमीन हलली. शाळा, अंगण, आपण सगळे. आपण फिरतोय."

एका मुलाने कुंडीचा काठ घट्ट धरला. बाईंनी स्वतःचा तळवा फरशीवर टेकला. गार फरशी, आणि खाली कुठे काही जाणवत नव्हतं, तरी एवढं मोठं ओझं, गावं, डोंगर, गाड्या, कपाटं आणि फायली पाठीवर घेऊन, आवाज न करता वळत होतं. हे रोज होत होतं. त्यांनी तो कागद यंत्रात घातला त्या दिवशीही होत होतं. कुणाच्या हुकुमाने त्याचा वेग केसभरही बदलला नव्हता.

सगळ्यांत आखूड रेघ दोन वाजून पाच आणि दोन वाजून दहा यांच्यामध्ये सापडली. लेकीने मधलं माप धरून फरशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उन्हाचे बारा, सरकारी दोन वाजून सात मिनिटं.

"आजी," मघाची ती मुलगी म्हणाली, "मग आत्ता खरे किती वाजलेत?"

टकटकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाही पुढे ओढून घेतली. "बाळ, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात वेळ विचारल्यावर असं उत्तर त्यांनी पहिल्यांदाच दिलं होतं.

मुख्याध्यापक हा सगळा प्रकार कचेरीच्या खिडकीतून बघत होते. माणूस सज्जन, पण ताकही फुंकून पिणारा. वर्ग आत गेल्यावर त्यांनी मायलेकींना बोलावून घेतलं. लेक म्हणाली, "सर, मी तीनदा अर्ज दिलाय. हिवाळ्यात शाळा आठऐवजी दहाला भरवा. पहिले दोन तास मुलं झोपलेलीच असतात. मी गणित जेवणानंतर घेते, का? कारण त्याआधी त्यांना दोन आणि दोन किती हेही सांगता येत नाही."

"मला दिसत नाही का ते?" मुख्याध्यापक कळवळून म्हणाले. "माझा स्वतःचा नातू अंधारात ठेचकाळून दात पाडून बसलाय. पण नियमापुढे माझं काय चालणार? वेळ एक, कामकाजाचे तास एक. हुकूमच आहे." त्यांनी कपाटातून एक जुनी फाइल काढली, धूळ झटकली आणि एक पिवळा पडलेला कागद बाईंपुढे सरकवला. "हा पाहा. शाळेत अडतीस वर्षं जपलेला आहे."

बाईंनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचताच त्यांना ओळख पटली. दुसऱ्या ओळीला साहेबांचा घोगरा आवाज कानात आला. पण पुढे वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

"हा माझा कागद नाही," त्या म्हणाल्या.

"नसेलच. ही जिल्ह्याच्या कचेरीत केलेली नक्कल आहे."

"यात काहीतरी गळलंय."

"काय गळलंय?"

बाईंना सांगता येईना. अडतीस वर्षांपूर्वीचं वाक्य आठवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? त्यांनी डोळे मिटले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, दोन्ही हात त्यांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवले आणि बोटं चालवू लागल्या. टक टक, टकटक. टेबलावर यंत्र नव्हतं, कागद नव्हता, पण बोटं ठिकाणावर पडत होती. सगळा हुकूम त्यांनी पहिल्यापासून टेबलावर बडवला. "परंतु" या शब्दाशी आल्या आणि बोटं न थांबता पुढे गेली, आणि बाई बोटांच्या मागोमाग बोलू लागल्या: "परंतु स्थानिक उजेड व हवामान लक्षात घेऊन कामकाज सुरू व समाप्त करण्याचे तास ठरवण्याची मुभा त्या त्या ठिकाणच्या कार्यालयप्रमुखास व शाळाप्रमुखास राहील."

मुख्याध्यापकांनी तो पिवळा कागद पुन्हा स्वतःकडे ओढला.

"लागोपाठ दोन परिच्छेद होते," बाई डोळे उघडून म्हणाल्या, "आणि दोन्ही 'परंतु'ने सुरू होत होते. नक्कल करणाऱ्याची नजर एका परंतुवरून दुसऱ्यावर घसरली. नवशिक्यांचं होतं असं. पहिला परिच्छेदच गेला."

मुख्याध्यापक खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे अडतीस वर्षं... आम्हाला मुभा होती?"

"पहिल्या दिवसापासून."

लेकीने आईच्या हातांवर हात ठेवला. "आई, तुला शब्दन्‌शब्द आठवतोय?"

"मला नाही गं," बाई म्हणाल्या. त्या स्वतःच्या बोटांकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. "यांना."

पण बोटांची साक्ष सरकारदरबारी चालत नाही, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच संध्याकाळी त्यांनी राजधानीच्या दप्तरखान्याला पत्र लिहिलं: अमुक सालचा अमुक हुकूम, मूळ प्रतीवरून शिक्क्यासह नक्कल मिळावी. पत्र गेलं आणि वाट बघणं सुरू झालं. एक आठवडा, दोन आठवडे. गावात बातमी पसरली होतीच. न्हावी विचारायचा, पाववाला विचारायचा. शिंपीदादा तर रोज संध्याकाळी बायकोची वाट अडवूनच उभे असायचे. त्या एका तासातही आता पोस्टाचंच बोलणं.

मधल्या काळात बाईंना भीतीही वाटू लागली. आपल्याच बोटांनी आपल्याला फसवलं तर? म्हातारपणी माणसाला हवं ते आठवतं. एकदा तर त्यांनी लेकीला विचारलंच, "मूळ कागदात ती ओळ नसली तर?"

"तर मी चौथा अर्ज देईन," लेक म्हणाली. "आणि तू टाइप करून दे."

पाचव्या आठवड्यात एका दुपारी दारावर थाप पडली. शिंपीदादांची बायको धापा टाकत उभी होती, पोस्टाच्या कपड्यांतच, हातात जाड लिफाफा. "वाटपाला उद्या निघाला असता," ती म्हणाली, "पण माझ्याच्याने राहवेना. सुट्टी टाकून आले."

लिफाफा बाईंनी स्वतः फोडला नाही. तशाच शाळेत गेल्या आणि तो मुख्याध्यापकांच्या हातात दिला. त्यांनी कागद उघडला, उजेडाकडे धरला आणि मोठ्याने वाचू लागले. "परंतु"शी पोचले तेव्हा त्यांनी ओळीखाली बोट धरलं. शब्द तेच होते. "स्थानिक उजेड व हवामान", तिथून "राहील" पर्यंत, काना नाही, मात्रा नाही, काही इकडचं तिकडे नाही.

त्यांनी कागद तीनदा वाचला. मग शिक्का तपासला. मग म्हणाले, "मला दोन दिवस द्या." माणसाचा स्वभाव असा एका दिवसात थोडाच जातो? पण तिसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली: सोमवारपासून हिवाळा संपेपर्यंत शाळा सकाळी दहाला भरेल. खाली मुख्याध्यापकांची सही. ती नेहमीपेक्षा जरा मोठी होती.

त्या सोमवारी टकटकबाई नातीचं बोट धरून साडेनऊ वाजता घराबाहेर पडल्या. लेक आधीच पुढे गेली होती. सूर्य अजून टेकडीआड होता, पण आभाळ उजळलं होतं, रस्ता दिसत होता, कडेचे दगड दिसत होते. मुलं टॉर्च न घेता निघाली होती आणि रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कोपऱ्यावर दोन मित्र एकमेकांसमोर थबकले. एकाने दुसऱ्याकडे पाहत म्हटलं, "तुझ्या कोटाला लाल गुंड्या आहेत?"

"पहिल्यापासून आहेत."

"मला वाटायचं काळ्या आहेत."

नात बाईंना ओढतच होती. "आजी, ते बघ! त्या भिंतीवर मांजर रंगवलंय कुणी! आजी, नाल्याला पाणी आहे!" ज्या रस्त्याने ती हिवाळाभर रोज गेली होती, त्याच रस्त्यावर ती पाहुणी आल्यासारखी चालली होती. बाई तिच्या मागोमाग प्रत्येक भिंत बघत चालल्या.

शाळेचा शेवटचा चढ लागला आणि दहाला पाच मिनिटं कमी असताना समोरच्या टेकडीमागून सूर्याची कड वर आली. पुढची मुलं थांबली, म्हणून मागची थांबली. कुणी थांबा म्हटलं नव्हतं. नव्वद-शंभर मुलं चढावर उभी, तोंडं तांबडी झालेली, श्वासांच्या वाफा उन्हात सोनेरी. बारीकशी कड होती ती बोटाएवढी झाली, मग अर्धी भाकर झाली, आणि बघता बघता सगळा गोळा टेकडीवरून सुटून मोकळा झाला. किती झपाट्याने! बाईंनी आयुष्यात हजारो सकाळी पाहिल्या होत्या, पण सूर्य वर येताना एवढी घाई करतो हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पायाखालचा चढ त्याच्या दिशेने कलतोय, आणि आपण सगळे, लहानमोठे, त्या कलण्यावर उभे आहोत, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं. त्यांनी नातीचं बोट घट्ट धरलं.

शाळेच्या फाटकात शिपाई घंटेची दोरी हातात घेऊन तसाच उभा होता. त्याच्या मागे मुख्याध्यापक, त्यांच्या शेजारी लेक, सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे.

"आजी," नात कुजबुजली, "हा रोज असाच येतो?"

"रोज," बाई म्हणाल्या.

"आम्ही वर्गात असताना पण?"

"तेव्हा पण."

नातीने यावर बराच विचार केला. मग तिने बाईंचं बोट सोडलं, दप्तर पाठीवर नीट केलं आणि उन्हातून चढ चढू लागली. तिच्यामागून बाकीची मुलं हलली. त्या दिवशी शाळेची घंटा दहा वाजून चार मिनिटांनी वाजली, आणि उशीर कुणाचा हे कुणीच कुणाला विचारलं नाही.